सशासारख्या उड्या

आमचा कुत्रा पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा. पुढचे पाय चारचौघांसारखे, एकामागून एक. मागचे मात्र जोडीने, टुणकन. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये आम्ही राहतो तिथे तळ्याकडे उतरणाऱ्या सात-आठ रुंद पायऱ्या आहेत. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर स्वारी निघाली की येणारे-जाणारे थांबून बघायचे. शेजारच्या टॉवरमधली एक फिलिपिनो आया तर "रॅबिट, रॅबिट!" म्हणून टाळ्याच वाजवायची. घरात आम्हीही त्याला ससाच म्हणायचो. माझ्या फोनमध्ये त्या उड्यांचे इतके व्हिडिओ होते की फोन भरून जायचा, आणि ज्यांना कुत्र्याचं नावही नको असायचं त्यांनाही मी ते पाठवायचो.

बसायची तऱ्हाही त्याची न्यारी. सरळ बसायचाच नाही. एका कुल्ल्यावर कलून, एक पाय बाजूला फेकून, आता पानाचा डबा मागवणार असल्यासारखा ऐसपैस बसायचा. बायको म्हणायची, मागच्या जन्मी जहागीरदार असणार. पिवळट सोनेरी लॅब्रॅडॉर, डोळ्यांत जगाची दया आणि पोटात न संपणारी भूक. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये कुत्रे पाळू देत नाहीत, म्हणून त्याला आणायला आम्ही तिथलं बरं चाललेलं घर सोडून इथे आलो होतो. लेकीने तीन वर्षं भुणभुण लावली होती, पण आणल्यावर सगळ्यात जास्त वेडा मीच झालो.

ही उडी आणि ही बैठक मी दोन वर्षं रोज बघत होतो. आणि माझा पोटापाण्याचा धंदाच मुळी बघण्याचा आहे.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप तयार करणारा एक कारखाना आहे, तिथे मी वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म तपासतो. पाइप जोडले की त्यातल्या काही जॉइंटचा एक्स-रे काढतात, आणि ती फिल्म अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर लावून मी बघतो. आत पोकळी राहिलीय का, चीर आहे का, धातू मुळापर्यंत भरलाय का. वरून चकचकीत दिसणारा जॉइंट आतून पोकळ असू शकतो, हे मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय. "वरवरचं मला सांगू नका, फिल्म दाखवा," हे माझं ठेवणीतलं वाक्य. माझ्या सहीशिवाय पाइप गेटबाहेर जात नाही. मी तापट आहे, वाद घालणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही, आणि वेल्डर लोक माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता सोयरिकीची गोष्ट. शारजात ठाण्याच्या एक बाई राहतात, आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांच्याच त्या ताई. त्यांचा छोटा बंगला, पुढे अंगण, आणि अंगणात आमच्याच रंगाची एक शांत, गुणी लॅब्रॅडॉर कुत्री. मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात ताई माझ्याकडे आल्या आणि गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "दादा, तुमच्या चिरंजीवांसाठी आमची मुलगी बघायला कधी येताय?"

झालं. चार चकल्या संपायच्या आत मुलगी बघायचा शुक्रवार ठरला. मी खरोखरच झब्बा घालून गेलो. ताईंनी कांदेपोहे केले होते. त्यांच्या यजमानांनी मला विचारलं, "मुलगा काय करतो?" मी म्हटलं, "खातो." गोत्र झालं, पत्रिका झाली, मंगळ झाला, हुंड्यात किती हाडं द्यायची यावर भांडण झालं. लेकीने दोघांना कागदाच्या मुंडावळ्या बांधल्या, आणि आमच्या नवरदेवाने आपली तिथल्या तिथे चावून खाल्ली. परक्या देशात आपली माणसं जमली की आपण जरा जास्तच हसतो. त्या दिवशी आम्ही तसे हसलो.

त्या हशातच ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर चहा उकळत होता. त्यांचा आवाज वेगळा होता.

"दादा, चेष्टा बाजूला. लॅब्रॅडॉरना खुब्याचा त्रास असतो म्हणे, रक्तातून पुढे जातो. ब्रीडिंगच्या आधी दोघांचाही खुब्यांचा एक्स-रे बघायचा असतो. आमचीचा मी मागच्या महिन्यात काढून घेतला, चांगला आला. तुमच्याचा काढलाय का?"

काढला नव्हता. काढायचा असतो हे मला माहीत होतं. कुत्रा घेताना चार ठिकाणी वाचलं होतं. पण त्यासाठी भूल द्यावी लागते हेही वाचलं होतं, आणि धडधाकट पोराला उगाच भूल द्यायला मी तयार नव्हतो. म्हणून मी आज-उद्या करत राहिलो. हे त्यांना सरळ सांगता आलं असतं. पण फिल्म बघणारा माणूस, आणि याच्याच घरी फिल्म नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

खिडकीतून अंगण दिसत होतं. अगदी त्याच वेळी आमचा पठ्ठ्या अंगणातल्या तीन पायऱ्या टुणकन चढला आणि बाहेर हशा पिकला.

"अहो ताई," मी म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा की कसा उडतोय. आणि मी तपासलाय की त्याला. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

तपासलाय म्हणजे काय, तर एकदा सोफ्यावर तो झोपला असताना त्याचे मागचे पाय हाताने मागेपुढे करून पाहिले होते. तो घोरत होता.

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी चहा गाळायला घेतला.

जानेवारीच्या शेवटी सहा पिल्लं झाली. विकायची नाहीत, चांगल्या घरात द्यायची, असं ताईंचं पहिल्यापासून ठरलेलं. एक त्यांनी ठेवलं, बाकी पाच मंडळातल्याच ओळखीच्या घरांत गेली. द्यायच्या आधी ताईंनी रीतसर बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि मी त्या ग्रुपवर आजोबा झालो. सकाळी कारखान्यात पोचलो की आधी पिल्लांचे फोटो बघायचे आणि मग फिल्म, असा माझा क्रम होता.

सप्टेंबरात हवा जरा उतरली आणि तळ्याकाठी कुत्र्यांची गर्दी परत सुरू झाली. तिथे दोन टॉवर पलीकडे राहणारी एक जर्मन बाई भेटली. तिची काळी लॅब्रॅडॉर कुत्री फार देखणी. गप्पांत कळलं की ती बाई लॅब्रॅडॉरची पैदास वर्षानुवर्षं नेमाने करते, तिच्या कुत्रीच्या आईचे आणि आजीचेही एक्स-रे तिने जपून ठेवलेत. आमच्या कुत्र्याचं डोकं, छाती, स्वभाव तिला पसंत पडला. मी फुगलो. मग तिने विचारलं, खुब्यांचा रिपोर्ट आहे का?

मी पुन्हा तेच केलं. तिला म्हटलं, हे बघा. आणि कुत्र्याला पायऱ्यांवर सोडलं. टुण, टुण, टुण. ती आया नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवू लागली. जर्मन बाई हसली नाही. ती खाली वाकून त्याच्या मागच्या पायांकडे बघत राहिली.

"हा नेहमीच असा चढतो?" तिने विचारलं.

"नेहमीच!" मी अभिमानाने म्हटलं.

"मग एक्स-रे काढा," एवढंच बोलून ती गेली. तिचं ते न हसणं मला इतकं डाचलं की घरी येऊन मी जेवलो नाही. ही कोण मला शिकवणार? हिचं तोंड बंद करायला म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरकडे शनिवारची वेळ घेतली. पुढे जे झालं ते असं माझ्या घमेंडीतून झालं, जबाबदारीतून नाही.

शनिवारी सकाळी लेक बरोबर आली. डॉक्टर केरळच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि आमचा जहागीरदार लेकीच्या मांडीवर हळूहळू जड होत गेला. जीभ बाहेर लोंबली. त्याला उताणा घालून पन्हळीसारख्या गादीत ठेवला, मागचे दोन्ही पाय सरळ ओढून गुडघे आत वळवले. दाराच्या काचेतून मी बघत होतो. रोज मी लोकांच्या पाइपांच्या फिल्म बघतो, पण एखादी फिल्म काढताना असा काचेला नाक लावून कधी उभा राहिलो नव्हतो.

मग त्यांनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. डॉक्टर काही बोलायच्या आधीच मला दिसलं. न दिसून कसं चालेल? खुबा म्हणजे वाटी आणि लाडू. मांडीच्या हाडाचा गोल लाडू कमरेच्या हाडाच्या खोल वाटीत नीट बसायला हवा. इथे वाटीची बशी झाली होती आणि लाडू काठावर टेकला होता. डावीकडे जरा बरं, उजवीकडे निम्म्याहून जास्त बाहेर. हाडाची कडाही गुळगुळीत राहिली नव्हती.

आणि मग मी काय केलं? ज्या माणसाने बावीस वर्षं कुठल्याही वेल्डरची सबब ऐकली नाही, त्याने सबब काढली.

"डॉक्टर, पोझिशन तिरकी है," मी म्हटलं. "कमर थोडी घूमी हुई है. ये फिल्म नहीं चलेगी, रीशूट करना पडेगा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. वाद घातला नाही. त्याला परत नीट सरळ केला आणि दुसरा एक्स-रे काढला. दुसरा पहिल्यापेक्षा स्पष्ट आला.

"ऑफिशियल ग्रेड पॅनल देगा, बाहर भेजना पडता है," त्या म्हणाल्या. "ए सबसे अच्छा, ई सबसे खराब. मेरे हिसाब से ये डी है. इसको ब्रीड मत कीजिए." मग जरा थांबून, "सीढी पे दोनों पैर साथ में उठाता है क्या?"

"ऑलवेज!" लेक म्हणाली. "वी कॉल हिम रॅबिट."

"दर्द बचाता है, बेटा. एक-एक पैर पे वजन नहीं ले सकता, इसलिए. और बैठता भी टेढा होगा."

लेकीचा चेहरा मी बघितला नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझे व्हिडिओ एकामागून एक येत होते. त्या प्रत्येकात तो आपलं दुखणं सांभाळत चढत होता आणि फोन धरून मी हसत होतो. मागे माझा आवाज: "परत एकदा! परत एकदा!" मी त्याला खाली न्यायचो आणि परत चढायला लावायचो.

डॉक्टर फॉर्म भरत होत्या. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "इसके बच्चे हैं कहीं?"

"नहीं," मी म्हटलं.

कसं तोंडातून गेलं मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात सहा घरं, ताईंचं स्वयंपाकघर आणि माझं "तपासलाय की त्याला" हे सगळं दिसलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी फॉर्मवर खूण केली. लेक माझ्याकडे बघत राहिली.

गाडीत ती मागे, अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मीडिया सिटीचा सिग्नल गेला. मग म्हणाली, "बाबा, यू सेड नो."

"हं."

"देअर आर सिक्स."

"गप्प बस!" मी ओरडलो. इतक्या जोराने ओरडलो की कुत्र्याने गुंगीतसुद्धा कान हलवले. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने आधी दोन प्रश्न विचारले: दुखतं का त्याला, आणि काय करायचं? वजन उतरवायचं, घसरत्या फरशीवर रबरी चटया टाकायच्या, पायऱ्या बंद, पोहणं चांगलं, दुखलं की गोळी, पुढेमागे कदाचित ऑपरेशन. वजन म्हटल्यावर ती थांबली. पिल्लू होतं तेव्हापासून ती त्याला रोज तूप-भात कालवायची. गुटगुटीत दिसायला हवा, आपल्याकडची पद्धत.

"म्हणजे माझ्या तुपाने झालं का रे हे?"

"मुळात रक्तातलं आहे ते," मी म्हटलं. "वजनाने भर पडली." हे डॉक्टरांचंच वाक्य होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते मऊ करावं एवढंही मला सुचलं नाही. तिने तुपाची बरणी उचलली आणि स्टूलवर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. खाली उतरल्यावर म्हणाली, "ताईंना फोन कर."

"करतो."

"आत्ता कर. ती पिल्लं आठ महिन्यांची होतील आता. त्यांनाही कोणीतरी तूप-भात घालत असेल."

मी केला नाही. माझ्याकडे युक्तिवाद तयार होते. पिल्लांच्या आईचे खुबे चांगले आहेत. सगळीच पिल्लं बापावर जातात असं थोडंच आहे? पॅनलचा ग्रेड अजून यायचाय. सहा घरांत उगाच घबराट कशाला? रविवार गेला, सोमवार गेला. ग्रुपवर फोटो येतच होते आणि मी अंगठे दाखवत होतो. फोन वाजला की दचकायचो. लेक माझ्याशी कामापुरतं बोलत होती. कुत्रा तेवढा पूर्वीसारखाच दाराशी येत होता, आणि आता त्याचं ते उठणं, ते मागचे पाय जोडीने ओढून घेणं मला बघवत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी तीन दिवस भोगलं.

मंगळवारी कारखान्यात एक फिल्म आली. जॉइंटच्या मुळाशी धातू भरलाच नव्हता, काळी रेघ स्पष्ट. मी रिजेक्ट मारला आणि वेल्डरला बोलावलं. गुहागरकडचा माणूस, पन्नाशीचा, सोनापूरच्या मजूर कॅम्पवर राहतो, हात सोन्याचा. त्याचा जॉइंट फेल होणं ही वर्षातून एखादी गोष्ट. आमच्याकडे नियम असा, की शंभरातल्या थोड्याच जॉइंटचा एक्स-रे काढतात, पण एक फेल झाला की त्याच वेल्डरचे त्याच कामातले आणखी दोन काढायचे. ज्याने एक बिघडवला त्याने आणखीही बिघडवले असतील, हा सरळ हिशेब.

मी दोन नंबर लिहून त्याच्यापुढे सरकवले. एरवी मी त्या कागदाबरोबर दोन कडू शब्दही पाठवले असते. त्या दिवशी जीभ वळली नाही.

त्याने कागद बघितला आणि तिथेच उभा राहिला.

"सायेब, हे दोन काढा, पण हे बरे असतील. हे सकाळचे हायत. त्या दिवशी दुपारनंतर मला ताप भरला व्हता. पलीकडच्या लायनीतले चार जॉइंट मी दुपारी मारले. ते तुमच्या यादीत नाय आलेत."

"मग? यादीत नाहीत तर कशाला सांगतोस?" मी विचारलं. खरंच विचारलं.

तो गोंधळला. मी चिडलोय असं त्याला वाटलं असावं. "नाय म्हणजे, माज्या हातचेच हायत ना ते. मला म्हाईत हाय, तुमाला नाय. उद्या कुठं परेशरमधी फुटलं, कोण समोर उभा असला तर? माजी चूक हाय, सायेब, तोंड लपवून काय करू?"

मी ते चार नंबर लिहून घेतले. तो गेल्यावर मी अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि उजेडाच्या पेटीसमोर, तिच्यावर एकही फिल्म नसताना, बराच वेळ बसलो. लाज वाटली. गेल्या कित्येक वर्षांत मला कुणापुढे अशी लाज वाटली नव्हती, आणि वाटली तीही ज्याचे जॉइंट मी बाद करतो त्याच्यापुढे. मग मॅनेजरला सांगितलं की आज लवकर निघतोय, आणि गाडी दुबईकडे न नेता ताईंच्या घराकडे वळवली.

ताईंनी दार उघडलं आणि खुलल्याच. "अय्या, दादा! न सांगता? या या." अंगणात माय-लेकी लोळत होत्या. ताईंनी ठेवलेली ती धाकटी धावत आली. मी आधी तिचे मागचे पाय बघितले. डावा, उजवा, डावा, उजवा. जिवात जीव आला, आणि लगेच आठवलं की असं डोळ्यांनी बघूनच मी इथवर आलोय.

ताईंनी चहा टाकला. मी म्हटलं, "ताई, जरा बसा. बोलायचंय."

"बोलू हो. आधी हे बघा, आत्ताच आलंय. ग्रुपवर टाकतायत ते. तुम्हाला बघायला मजा येईल." त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मिरदिफला राहणाऱ्या, आमच्या मंडळातल्याच एका कुटुंबाच्या घरचा व्हिडिओ होता. घरातला जिना, पांढऱ्या गुळगुळीत फरशीचा. खाली एक सोनेरी पिल्लू, आता चांगलं थोराड झालेलं, गुटगुटीत. वरून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. ते चढायला लागलं. पुढचे पाय एकामागून एक. मागचे जोडीने. टुण, टुण, टुण. फोनमधून हसण्याचा गलका आला आणि एका बाईचा आवाज: "बापावर गेलाय हो, अगदी बापावर! परत एकदा, परत एकदा!"

ताई हसत माझ्याकडे बघत होत्या. मी हसत नाही हे त्यांना हळूहळू दिसलं.

"ताई, त्याला परत चढायला लावू नका म्हणावं," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. एक्स-रे, ग्रेड, उडीचा अर्थ. डॉक्टरांना मी नाही म्हटलं, तेही. सोफ्यावरची तपासणी, तेही. चहा उतू गेला आणि गॅसवर चर्र झालं, तरी त्या उठल्या नाहीत. मी उठून गॅस बंद केला.

त्या ओरडल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

"मी तुम्हाला इथे, या ओट्याशी, वेगळं बोलावून विचारलं होतं, दादा," त्या म्हणाल्या. "आमचीचा एक्स-रे आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही नुसतं नाही म्हटलं असतं तर मी थांबले असते. सहा महिने थांबले असते. मला काय घाई होती?"

मी फडकं घेऊन ओट्यावर सांडलेला चहा पुसू लागलो.

"आता ग्रुपवर तुम्हीच लिहा. माझ्या तोंडाने नको. मी सगळ्यांना काय सांगितलंय माहितीये? एक्स-रेवाल्या दादांचं पिल्लू आहे, डोळे मिटून घ्या."

मी त्यांच्याच ओट्याशी उभा राहून लिहिलं. फार वळणं घेतली नाहीत. माझ्या कुत्र्याचे खुबे वाईट आहेत, ते पिल्लांत उतरू शकतं. सगळ्यांनी डॉक्टरकडून एक्स-रे काढून घ्या, मी प्रत्येकाबरोबर येईन. तोवर वजन वाढू देऊ नका, फरशीवर चटया टाका, पायऱ्यांवर उड्या मारायला लावू नका. त्यांच्यापासून पुढे पिल्लं घेऊ नका. चूक माझी आहे, ताईंची नाही. दोनदा वाचलं आणि पाठवलं.

मेसेज कुणी कुणी वाचला त्या यादीत नावं येत गेली. एक, दोन, चार. अंगणात ती धाकटी आईच्या शेपटीशी खेळत होती. ताई तिच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

पहिलं उत्तर मिरदिफच्या वहिनींचं आलं.

"दादा, पण तुम्ही याच्या वडिलांचा एक्स-रे स्वतः बघितला होता ना? ताई म्हणाल्या होत्या. आम्ही तेवढ्यावरच घेतला."

मी लिहायला लागलो. त्या वेळी परिस्थिती अशी होती की, भूल द्यावी लागते म्हणून, वरवर बघता तो इतका. तीन ओळी झाल्या. त्या मी वाचल्या आणि मला त्या ओळखू आल्या. असल्या ओळी घेऊन लोक माझ्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी येतात आणि मी त्यांना हाकलून देतो. अक्षर अक्षर मागे घेत सगळ्या पुसल्या.

"नाही," मी लिहिलं, आणि पाठवलं.